वाढते पोट, वाढता ताण आणि मेंदूचे आरोग्य

स्थूलता म्हटली की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि गुडघेदुखी ही नावे लगेच समोर येतात. या यादीत मेंदूचा उल्लेख सहसा होत नाही. पोट आणि मेंदू यांचा संबंध भूक लागण्यापुरताच असतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाने या समजुतीला छेद दिला आहे. चाळिशी-पन्नाशीतील पोटाचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब आणि वर्षानुवर्षे साठत जाणारा ताण यांचा सत्तरीतील स्मरणशक्तीशी संबंध असल्याचे निरनिराळ्या देशांतील दीर्घकालीन पाहण्यांतून दिसून आले आहे. हा संबंध कसा जुळतो, तो कितपत सिद्ध झाला आहे आणि सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांसाठी त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

दोन टक्के वजन, वीस टक्के ऊर्जा

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो, म्हणजे शरीराच्या एकूण वजनाच्या जेमतेम दोन टक्के असते. मात्र शरीर विश्रांती घेत असताना जी ऊर्जा खर्च होते, तिच्यापैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. यकृत आणि स्नायू यांच्याजवळ ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो. मेंदूजवळचा असा साठा अगदीच तुटपुंजा असतो. त्यामुळे त्याला रक्तातून ग्लुकोज आणि प्राणवायू यांचा अखंड पुरवठा व्हावा लागतो. अन्नापासून ऊर्जा मिळवणे, ती साठवणे आणि गरजेनुसार वापरणे या साऱ्या प्रक्रियांना मिळून चयापचय म्हणतात. ही व्यवस्था बिघडली की तिची झळ मेंदूला बसणे स्वाभाविकच आहे.

टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला. त्यानंतर बराच काळ या संप्रेरकाचे कार्य यकृत, स्नायू आणि चरबी यांच्यापुरतेच मानले जात असे. १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत ठिकठिकाणी इन्सुलिनचे ग्राहक असल्याचे आढळले आणि हे चित्र बदलले. मेंदूत पोहोचणारे इन्सुलिन भूक आवरते, तसेच चेतापेशींमधील जोडण्या बळकट करण्यास आणि आठवणी साठवण्यास साहाय्य करते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट होत गेले.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. चरबीच्या पेशी लेप्टिन तयार करतात आणि शरीरातील साठा पुरेसा असल्याचा निरोप त्याच्याद्वारे मेंदूपर्यंत पोहोचतो. चरबी म्हणजे शरीराचे निव्वळ कोठार, ही कल्पना या शोधाने मागे पडली. चरबी हा शरीराच्या कारभारात सतत हस्तक्षेप करणारा एक क्रियाशील अवयवच आहे, असे मानले जाऊ लागले. बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट भरपूर असते. परंतु मेंदू त्या निरोपाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही.

चाळिशीतील वजन आणि सत्तरीतील स्मृती

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे वृद्धांची दीर्घकालीन पाहणी चालते. तिचे मधुमेहविषयक निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ६,३७० व्यक्तींच्या या अभ्यासात मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे आढळले.

स्थूलतेविषयीचा महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियातून आला. तेथील कैसर परमनंट या आरोग्यसंस्थेकडे १९६० आणि १९७० च्या दशकांतील तपासण्यांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. रेचल व्हिटमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस ते पंचेचाळीस वर्षे वयात तपासणी झालेल्या १०,२७६ व्यक्तींच्या नोंदी घेतल्या आणि सुमारे २७ वर्षांनंतर त्यांच्यापैकी किती जणांना स्मृतिभ्रंश झाला, हे पाहिले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, मध्यमवयात स्थूल असलेल्यांना हा धोका ७४ टक्क्यांनी, तर वजन काहीसे अधिक असलेल्यांना ३५ टक्क्यांनी जास्त होता.

याच संशोधकांनी २००८ मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला. चरबी किती आहे यापेक्षा ती कोठे आहे, याला अधिक महत्त्व आहे का? ६,५८३ व्यक्तींच्या नोंदींवरून असे दिसले की, मध्यमवयात ज्यांच्या पोटाची जाडी सर्वाधिक होती, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सर्वांत कमी जाडी असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. ज्यांचे वजन सामान्य पण पोट सुटलेले होते, त्यांचाही धोका वाढलेला होता.

उलट निष्कर्षाचे कोडे

हे चित्र स्पष्ट होत असतानाच २०१५ मध्ये ब्रिटनमधील सुमारे वीस लाख व्यक्तींच्या वैद्यकीय नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष नेमका उलटा होता. कमी वजनाच्या व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आणि स्थूल व्यक्तींना कमी असल्याचे त्यात आढळले. ‘वजन वाढले तर मेंदू सुरक्षित’ असा अर्थ काहींनी त्यातून काढला.

या कोड्याची उकल बरीचशी २०१८ मध्ये झाली. मिका किविमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप, अमेरिका आणि आशियातील सुमारे तेरा लाख व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली. निदानाच्या वीस वर्षे आधी मोजलेले अधिक वजन धोका वाढवणारे ठरले. निदानाच्या आधीच्या थोड्या वर्षांत मोजलेले वजन मात्र रुग्णांमध्ये कमी आढळले. मेंदूतील बिघाड लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेला असतो आणि त्या काळात भूक मंदावते, खाणे विसरले जाते, वजन घटत जाते. म्हणजे कमी वजन हे अनेकदा आजाराचे कारण नसून त्याची पहिली खूण असते. वयोवृद्ध माणसाचे वजन काही प्रयत्न न करता उतरू लागले, तर त्यात समाधान मानण्याऐवजी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, हा या संशोधनाचा व्यावहारिक धडा आहे.

ताणाचे रसायन

ताणाच्या वैज्ञानिक अभ्यासाचा पाया हान्स सेल्ये यांनी मॉन्ट्रियल येथे घातला. १९३६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की थंडी, जखम, अतिश्रम किंवा विषबाधा यांपैकी कोणतेही संकट आले तरी उंदरांच्या शरीराचा प्रतिसाद साधारण सारखाच असतो. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. संकटात अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तातील साखर वाढवते आणि शरीराला झुंजण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करते. काही मिनिटांच्या संकटात ही योजना प्राण वाचवणारी असते. कर्जाचे हप्ते, नोकरीची अनिश्चितता, रात्रपाळी किंवा घरातील दीर्घ आजारपण अशी संकटे मात्र मिनिटांत संपत नाहीत.

१९६८ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅक्युअन यांनी या गटातील संप्रेरके मेंदूतील हिपोकॅम्पस या भागात मोठ्या प्रमाणावर जाऊन बसतात, हे उंदरांमध्ये दाखवले. नव्या आठवणी तयार करणारा हाच भाग आहे. कॉर्टिसॉलचा स्राव वेळीच थांबवण्याच्या कामातही हिपोकॅम्पसचा वाटा असतो. त्यामुळे दीर्घ ताणाने तो दुबळा झाला, तर ताणाला लागणारा लगामही सैल होतो आणि एक दुष्टचक्र सुरू होते. शरीराने ताणाशी जुळवून घेताना दीर्घकाळात जी झीज होते, तिच्यासाठी मॅक्युअन यांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ ही संज्ञा रूढ केली.

१९९८ मध्ये सोनिया ल्युपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजक्या वृद्धांचा काही वर्षे मागोवा घेतला. ज्यांचे कॉर्टिसॉल वर्षागणिक वाढत राहिले, त्यांचा हिपोकॅम्पस इतरांपेक्षा १४ टक्क्यांनी लहान होता आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत ते मागे पडले. अभ्यास छोटा असला तरी कुशिंग सिंड्रोम या विकाराने त्याला दुजोरा मिळतो. या विकारात शरीरात कॉर्टिसॉलचे प्रमाण फार वाढते. रुग्णाच्या पोटावर चरबी साठते, हातपाय बारीक होतात, साखर आणि रक्तदाब वाढतात आणि स्मरणशक्ती मंदावते. योग्य उपचारांनी कॉर्टिसॉल आटोक्यात आल्यावर आक्रसलेला हिपोकॅम्पस काही प्रमाणात पुन्हा भरून येतो, असे १९९९ मधील अभ्यासात दिसले. एकाच संप्रेरकामुळे पोट आणि स्मृती या दोहोंवर परिणाम होतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

ताण आणि खाणे यांचाही निकटचा संबंध आहे. मेरी डालमन यांनी २००३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, दीर्घकाळ ताणाखाली असलेला जीव गोड आणि तेलकट पदार्थांकडे ओढला जातो, कारण त्या खाण्याने ताणाची यंत्रणा तात्पुरती शांत होते. अपुऱ्या झोपेमुळेही भूक वाढते आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. त्यामुळे स्थूलतेचा दोष केवळ माणसाच्या जिभेला किंवा आळसाला देणे शास्त्राला धरून होत नाही.

बिघाडाची वाट

पोटाच्या पोकळीत, अवयवांभोवती साठणारी चरबी त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक उपद्रवी असते. ती दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते. त्यांच्यामुळे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी होतो आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते. उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांची जोड मिळाली, की मेंदूच्या खोलवरच्या भागांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या अरुंद होत जातात. मोठा पक्षाघात न होताही ठिकठिकाणी बारीक इजा साठत राहतात आणि विचारांचा वेग मंदावतो.

अल्झायमर या आजारात मेंदूत ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साठतात. शरीरातील एकच विकर इन्सुलिन आणि ॲमिलॉइड या दोहोंचे विघटन करते. रक्तात इन्सुलिन सतत वाढलेले राहिले तर ॲमिलॉइडच्या सफाईत अडथळा येत असावा, असा एक तर्क आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील सुझॅन डी ला मॉन्टे यांच्या गटाने २००५ मध्ये अल्झायमरसाठी ‘टाइप थ्री डायबेटिस’ असा शब्दप्रयोग केला. तो बराच गाजला, परंतु अधिकृत निदान म्हणून त्याला मान्यता नाही. मधुमेहामुळे वाढणाऱ्या स्मृतिभ्रंशात रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचा वाटा मोठा असतो.

बिघाड सुरू व्हायला फार काळ लागत नाही, असेही दिसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिस्निग्ध आहार दिलेल्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये पहिल्या तीन दिवसांतच दाहाची चिन्हे दिसली. हायपोथॅलॅमस हा भूक आणि वजन यांचे नियमन करणारा मेंदूचा भाग आहे. स्थूल माणसांच्या मेंदूच्या चित्रणातही त्याच जागी इजेच्या खुणा आढळल्या. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी, सडपातळ तरुणांना पाच दिवस नेहमीच्या जेवणाबरोबर भरपूर उष्मांकाचे गोड आणि तळलेले खाद्य देण्यात आले. त्यांचे वजन फारसे वाढले नाही. यकृतातील चरबी मात्र वाढली आणि नेहमीचा आहार सुरू केल्यानंतर आठवडाभरानेही मेंदूचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंद राहिला. प्रयोग लहान होता, पण वजनकाट्यावर दिसण्याआधीच मेंदूत बदल होऊ शकतात, हे त्यातून सूचित होते.

पुण्यातील संशोधन

वजनकाट्यावर विसंबून राहणे भारतीयांसाठी विशेष धोक्याचे का आहे, याचे उत्तर पुण्यातील संशोधनातून मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ इतकाच होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. बाहेरून सारखेच सडपातळ दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे होते.

या फरकाची मुळे गर्भावस्थेत असल्याचे याज्ञिक यांच्या गटाने दाखवले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याची बालके सर्वच बाबतींत लहान होती, परंतु त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक अशी ही देहरचना पुढे मधुमेहाला पोषक ठरते.

म्हणूनच भारतीयांसाठी मापे निराळी आहेत. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार २३ वरील बॉडी मास इंडेक्स हे अधिक वजन आणि २५ वरील स्थूलता मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. हा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, तर १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्ती आहेत. ३९.५ टक्के प्रौढांत पोटाची स्थूलता आढळली. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार, साठ वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. आज चाळिशीत असलेली पिढी साठी ओलांडेल, तेव्हा या दोन आकड्यांची गाठ पडणार आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा भारतात बहुतांशी घरातच, आणि तीही प्रामुख्याने पत्नी, सून किंवा मुलगी यांच्याकडून होते. त्यामुळे हा प्रश्न एका रुग्णापुरता राहत नाही.

काय साधते, काय साधत नाही

‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदवली. ती सर्व दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. मध्यमवयातील वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, व्यायामाचा अभाव आणि स्थूलता या पाच कारणांचा एकत्रित वाटा १४ टक्के येतो. त्यात स्थूलतेचा स्वतंत्र वाटा केवळ एक टक्का आहे. वजन बहुधा या इतर विकारांच्या मार्गानेच मेंदूचे नुकसान करते, असा त्याचा अर्थ लावता येतो. ताण या नावाची स्वतंत्र नोंद यादीत नाही. नैराश्य आणि एकाकीपणा यांची मात्र आहे. स्थूल माणसाला स्मृतिभ्रंश होणारच, असा निष्कर्ष यातील कोणत्याही संशोधनातून निघत नाही. वाढतो तो धोका, आणि तो कमी करता येतो.

फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली साठ ते सत्त्याहत्तर वयोगटातील १,२६० व्यक्तींवर दोन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या व्यक्तींना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम देण्यात आला, तर उरलेल्यांना केवळ सर्वसाधारण आरोग्यसल्ला मिळाला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाच्या बौद्धिक चाचण्यांतील सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तेथेही शिस्तबद्ध कार्यक्रमाचा लाभ स्वतःच्या मर्जीने पाळलेल्या कार्यक्रमापेक्षा अधिक दिसला. बुद्धीच्या चाचण्या सुधारल्या म्हणजे स्मृतिभ्रंश टळला, असे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही. त्यासाठी अधिक वर्षांचा मागोवा लागेल.

वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांकडून या बाबतीत मोठ्या अपेक्षा होत्या. सेमाग्लुटाइड हे औषध गोळीच्या रूपात अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना देऊन केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. आजाराची वाटचाल त्याने मंदावली नाही. आजार सुरू झाल्यावर चयापचय सुधारण्यास फार उशीर झालेला असतो का, हा प्रश्न त्यामुळे अधिकच महत्त्वाचा ठरला आहे.

तोवर हाती असलेले उपाय साधे आहेत. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि कमरेचा घेर मोजावा. रोज अर्धा तास झपाट्याने चालावे. भात, पोळी आणि साखर यांचे ताटातील प्रमाण आवरून डाळी, उसळी आणि भाज्या वाढवाव्यात. पुरेशी झोप घ्यावी. जोरात घोरण्याचा त्रास असल्यास तो थट्टेवारी न नेता डॉक्टरांना दाखवावा. मन सतत खिन्न राहत असेल, तर त्यावर उपचार घेण्यात संकोच नसावा. विसराळूपणा जाणवू लागला तर तो म्हातारपणाचाच भाग आहे असे परस्पर ठरवू नये, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही तो उद्भवतो आणि ही कारणे उपचारांनी दूर होऊ शकतात.

मेंदूची हानी होण्यास जितकी वर्षे लागतात, तितकीच वर्षे ती टाळण्यासाठीही हाताशी असतात. त्या वर्षांची मोजणी मध्यमवयातच सुरू होते.